विझलेला दिवा

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे एकही तक्रार शिल्लक नसे, म्हणून वरिष्ठ तिच्यावर खूश. नळाला पाणी आलेलं असेच असं नाही. तक्रार मात्र बंद झालेली असे. "नोंद घेतली आहे," हे ती इतक्या मायेनं म्हणायची की समोरचा माणूस आभार मानून कोरड्या नळाकडे परत जायचा.

निवृत्तीनंतर तिनं हौसेनं गाडी घेतली. काका, म्हणजे तिचे यजमान, गाडी चालवत नसत. त्यांनी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचून काढलं. औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूरही शेवटपर्यंत वाचणारा माणूस तो.

एके सकाळी गाडी सुरू केल्यावर आत्याच्या समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी खूण, मध्ये उद्गारचिन्ह.

"कुठल्यातरी चाकात हवा कमी झालीय," काका म्हणाले.

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. स्टिअरिंगच्या बाजूला तसल्याच खुणेचं बटण होतं. तिनं ते दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि विझला.

"अगं, ते दिवा घालवायचं बटण नाही. त्याच्या आधी हवा..."

"विझला ना? मग झालं. तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली."

काही दिवसांनी दिवा परत लागला, आत्यानं परत बटण दाबलं. तिसऱ्यांदा तर तिनं बोलता बोलताच दाबलं, माशी हाकलावी तसं. पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली. त्याचं खापर तिनं रस्त्यावर फोडलं.

मग एका दुपारी आम्ही तिघं तिच्या नणंदेकडे निघालो. मी मागे बसलो होतो. चढावर गाडी थडथड करायला लागली. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक पार बसलेलं. आत दिवा विझलेलाच. गाडीच्या मते सगळं आलबेल होतं.

फोन केल्यावर पंक्चरवाला आला. त्यानं खिळा उपटून दाखवला. आत्यानं दिव्याचं विचारलं, तर म्हणाला, "तो असाच लागतो ताई. बटण दाबून टाकायचं. सगळे दाबतात."

आत्यानं काकांकडे असं पाहिलं, जणू कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला.

काकांनी आवाज चढवला नाही. "आपल्या गाडीला हवा मोजता येत नाही," ते म्हणाले. "हवा गेली की चाक जरासं बसतं आणि इतरांपेक्षा भरभर फिरतं. तेवढंच तिला कळतं. बटण दाबलं की तिला वाटतं, आत्ता आहे तेच बरोबर. तू दर वेळी कमी हवेला बरोबर म्हणालीस. तिनं बिचारीनं ऐकलं."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगत होतो. तू नोंद घेतलीस."

पंक्चरवाला हातातलं काम नको इतकं मन लावून करायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकं थंड असताना, दोघं पंपावर गेले. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत दिली होती तेवढी हवा चारही चाकांत भरली. मगच आत्यानं बटण दाबलं आणि गाडीला नवं माप कळावं म्हणून बराच वेळ सरळ रस्त्यानं चालवली.

पुढच्या महिन्यात दिवा पुन्हा लागला. तिचा हात बटणाकडे गेलाच. सवय जाता जात नाही. पण तिनं तो मागे घेतला आणि गाडी पंपाकडे वळवली. मागच्या एका चाकाचा वॉल्व्ह हवा सोडत होता. तो बदलून झाल्यावर ती उरलेली चाकं एकेक करून तपासत राहिली. मागे गाड्यांची रांग लागली, कुणीतरी हॉर्न वाजवला.

"थांबा हो," आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, "अजून एक चाक बघायचं राहिलंय."