कडी कुणी काढली?

आता काय सांगू तुम्हाला, शेळीला कडी काढता येत नाही एवढी साधी गोष्ट मी आठवडाभर गावाला ओरडून सांगत होते, अन् एकानंही विश्वास ठेवला नाही. तुम्हीच सांगा, बघितलीय का कधी शेळी कडी काढताना? मग!

झालं असं. आमच्या शाळेमागं परसबाग आहे. पोरांच्या दुपारच्या जेवणाला तिथं पालक, मेथी, टमाटे लावतात. शाळेत स्वयंपाक करते ती कमल, माझी शेजारीण. सोमवारी सकाळी ती पालक खुडायला गेली, तर वाफ्यात नुसते बुडखे. अन् चार लेंड्या. बाई तशीच विळा हातात घेऊन माझ्या दारात. म्हणाली, "द्वारके, ही तुझ्या राणीची करणी."

राणी म्हणजे माझी शेळी. काळीभोर, लांब कानाची, गुणाची. मागं एकदा तिनं सरपंचाच्या पोरीच्या लग्नपत्रिका खाल्ल्या होत्या, तेवढाच काय तो डाग. पण तेव्हापासून गावात कुणाचं काही गायब झालं की राणीचंच नाव.

मी म्हणाले, "लेंड्यावर नाव लिव्हलंय का तिचं? गावात चाळीस शेळ्या हायत्या."

"असत्याल. पण कडी काढून आत जाईल अशी हुशार एकच हाय."

आता याला कौतुक म्हणावं का आळ? मी आळच धरला. तासभर भांडले. पण गाव कमलच्या बाजूनं. का तर फाटक उघडं सापडलं होतं. गुरुवारपर्यंत गोष्ट इथवर आली की माझा सख्खा लेक म्हणाला, आई, रोजची कटकट नको, राणीला कळंबच्या बाजारात नेऊन विकू. माझी शेळी, माझ्या हातानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, कुणाच्या तरी पालकापायी जाणार?

त्याच संध्याकाळी मी नातीची वेणी घालत बसले होते. परी तिसरीत आहे. बसल्या जागी डुलत कविता पाठ करत होती.

शेळीबाई शाळेत शिरली,
बाराखडी सगळी चरली!
कडी कुणी काढली?
म्हैस म्हणे, मी नाही बाई,
मला पेपर वाचायची घाई!

माझा हात जागच्या जागी थांबला. शेळी. शाळेत. कडी. अजून काय राहिलं? विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, बाईंनी. सगळ्या वर्गाला? हो, हातवारे करून.

रातभर दातओठ खाल्ले. सकाळी राणीच्या गळ्यात दोरी घातली अन् तिला घेऊनच शाळेत गेले. जिच्यावर आळ आहे ती समोर नको का?

बाई नवीन आहेत, गोड बोलतात. त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. मी चौथी शिकलेय. बोट ठेवून वाचलं. खरंच पुण्यात छापलेलं. वर चित्र. चित्रातली शेळीसुद्धा काळी!

मी म्हणाले, "म्हंजी पुण्यापतुर गेलं व्हय हे?"

हसू नका. पालक रविवारी गेला, आज शुक्रवार. हल्ली मोबाइलवर घटकेत कुठलं कुठं जातं. अन् कमलचा भाऊ पुण्यातच असतो. तुम्ही असता तर तुम्हीही हाच हिशोब लावला असता.

बाई म्हणाल्या, "मावशी, हे पुस्तक शाळा उघडली तेव्हापासून आहे. गमतीची कविता आहे. तिला अर्थच नाही. जनावरं बोलतात, एवढंच."

"आमची न्हाय बोलत."

"म्हणून तर गंमत."

माझी समजूत पटेना, तेव्हा त्या म्हणाल्या, पोरं म्हणून दाखवतील, बघा तुम्हीच. पोरं उभी राहिली. सुरुवात झाली. अन् 'कडी कुणी काढली' आलं की सगळी पोरं हात लांब करून बोट दाखवायची. समोर दार. दारात मी अन् राणी. गलका ऐकून कमलही उलथनं घेऊन मागं येऊन उभी.

म्हशीनं अंग काढून घेतलं. पुन्हा बोटं. बेडूक म्हणाला, मी दाढी करतोय. पुन्हा बोटं. एवढी पंचवीस-तीस बोटं एका बाईवर रोखल्यावर ती किती वेळ गप राहणार? तिसऱ्यांदा 'कडी कुणी काढली' झालं अन् माझा तोल गेला.

"म्या काढली! रविवारी दोन काड्या कढीपत्ता न्यायला आले व्हते. पण जाताना लावली बी म्याच. ती कडीच ढिल्ली हाय, बसत न्हाय नीट. त्यात शेळीचा काय गुन्हा?"

बाईंनी पुस्तक तोंडासमोर धरलं. परीनं मान खाली घातली.

मागून कमलनं हळूच विचारलं, "अन् राणी कुठं व्हती तवा?"

"कुठं म्हंजी? माझ्या मागं. ती माझा पदर सोडती व्हय कधी?"

बोलले अन् मग मला कळलं मी काय बोलले.

कमल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "द्वारके, जेवूनच जा आता. साधं वरण हाय. पालक काय न्हाय बघ."

राणी मात्र वाचली. लेकानं बाजाराचं नाव काढलं नाही, गुपचूप जाऊन फाटकाला नवी कडी बसवून आला. अन् मी आजही छातीठोकपणे सांगते, शेळीला कडी काढता येत नाही. आता सगळ्यांना पटतं. फार लवकर पटतं.

परवा शाळा तपासायला साहेब आले होते. मी फाटकाबाहेर उभी, कढीपत्ता नेऊ का म्हणून विचारायला. आत तीच कविता चाललेली. पुस्तकात शेवटी ती कडी मुंगीआत्यांनी काढलेली असते. मी स्वतः वाचलंय. साहेबांनी पोरांना मजेत विचारलं, "मग कडी काढली कुणी?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "द्वारकाआज्जींनी!"