ताईचा आजचा आवाज

आमची ताई पुस्तकं वाचते. तशी सगळेच वाचतात. पण ताई मोठ्याने वाचते आणि लोक त्याचे पैसे देतात. निदान सात वर्षांपूर्वीपर्यंत देत होते. मग बाबांना झटका आला, ते अंथरुणाला खिळले, आणि ऐकू येणंही जेमतेम एका कानावर आलं. ताईने हातातलं काम संपवलं आणि सगळ्यांना "थोडे दिवस थांबते" असं कळवलं. मी दर रविवारी फळं घेऊन जायचो, पाहुण्यासारखा. तासभर बसायचो आणि निघताना वर तिलाच सांगायचो, "बाबांना जप गं."

बाबांना जाऊन वर्ष झालं. "पुन्हा सुरू करते," असं ताई म्हणाली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. तिची जुनी वेबसाइट कधीच बंद पडली होती; त्या पत्त्यावर आता कोणीतरी गाद्या विकत होतं. मी नवं पान उभं केलं, ताजा फोटो टाकला आणि तिच्या वाचनाचे जुने नमुने चढवले. एकेक नमुना म्हणजे खडीसाखर.

"अरे, हे आठ वर्षांपूर्वीचे आहेत."

"जुनं ते सोनं, ताई!"

दहा दिवसांत एका ऑडिओबुक प्रकाशनाकडून विचारणा आली. अकरा तासांची कादंबरी! आवाज घुमू नये म्हणून ताईने कपाटात रजया टांगल्या, मध्ये माइक ठेवला आणि चाचणीची पाच पानं वाचून पाठवली. उत्तर आलं: 'नमुन्यातला आवाज आपलाच आहे ना? शिवाय प्रत्येक वाक्यानंतर आपण फार थांबता.'

ताईने ते मला हसत हसत वाचून दाखवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली. तोंडघशी पडायला हवं होतं मी, पडली ती.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ती पाच पानं ऐकली. आवाज जाडसर झाला होता, अक्षर न् अक्षर सुटं. आणि वाक्य संपलं की शांतता.

"एवढी कुठे थांबतेय मी?" तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. मला मात्र कळलं. बाबांच्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढून ती पेपर वाचायची. एक वाक्य झालं की बाबा मान हलवायचे, मग पुढचं. रोज, सहा वर्षं.

"ताई, तू बाबांनी मान हलवायची वाट बघतेस."

ती म्हणाली, "आता ही सवय कशी मोडायची रे?"

माझ्याकडे उपाय तयारच असतात. मी कंप्युटरवर त्या शांतता छाटून तिला ऐकवलं.

"ही बाई कुत्रं मागे लागल्यासारखी का धावतेय?" ताई म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो. मग डोळे पुसत ती म्हणाली, "जुने नमुने काढून टाक."

"अगं, विचारणा त्यांच्यामुळेच येते!"

"म्हणूनच काढ. लोक तिला बोलावतात आणि जाते मी."

त्याच दिवशी नव्याने वाचलेली तीन मिनिटं तिने न छाटता पानावर चढवली. खाली लिहिलं: 'माझा आजचा आवाज.'

दोन महिने कोणी फिरकलं नाही. पान बघणाऱ्यांचा आकडा वाढायचा, पण तो मीच असायचो. ताईने नोकरीच्या जाहिराती चाळायला सुरुवात केली होती.

आणि एका दुपारी फोन आला. एका छोट्या प्रकाशनाच्या संपादक बाई होत्या. ताईने स्पीकर लावला.

"तुमचं वाचन ऐकलं. समोर कोणीतरी बसलंय आणि त्याला समजल्याशिवाय तुम्ही पुढे जात नाही, असं वाटतं. कसं जमवता हे?"

"वडील बसायचे," ताई म्हणाली.

"मग तसंच वाचा," बाई म्हणाल्या. "आत्मचरित्र आहे, नऊ तासांचं. कराल ना?"

"करीन."

फोन ठेवून ताई रडली. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. आल्यागेल्याचं चहापाणी बघत होती. मी तिचा हात धरून बसलो. काय सांगावं ते सुचत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी काही सांगितलंही नाही.