लकी पिट्टा

हैदराबादेत, काचीगुड्यात ज्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या घराचे मालक अंबाजीराव मुदखेडकर हे पक्ष्यांचे छायाचित्रकार आहेत. म्हणजे ते तसं सांगतात. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं फायली शोधल्या. निवृत्त झाल्यावर कोठीच्या बाजारातून एक जुना कॅमेरा घेतला, पाण्याच्या नळकांड्याएवढी लेन्स घेतली, आणि झाडीत लपायला वापरतात तसलं हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाकीट घेतलं. ह्या जाकिटात माणूस जंगलात दिसत नाही म्हणे. काचीगुड्याच्या चौकात मात्र तो पार स्टेशनावरून दिसतो.

त्यांच्या बायकोचं, भामाकाकूंचं, ह्या छंदाबद्दल एकच मत आहे. "बत्तीस वर्षं घरात वरच्या पट्टीत बोलले. आता बगळ्यासमोर कुजबुजायलेत."

मी ह्यात कसा आलो? माझ्याकडे मोटारसायकल आहे, एवढाच माझा गुन्हा. रविवारी सहाला दारावर थाप पडते. "ए देगलूर, गाडी काढ." मी देगलूरचा. काकांनी माझं नाव एकदा विचारलं होतं, पण ते त्यांना गावापेक्षा अवघड वाटलं असावं.

काकांचं नाव झालं ते एका फोटोमुळे. चार वर्षांपूर्वी ते एका तळ्यावर गेले होते. काठावरच्या बाभळीवर निळाजर्द पक्षी बसला होता. तो इतका सज्जन, की काकांनी लेन्सचं झाकण काढलेलं नाही हे लक्षात येऊन ते काढेपर्यंत थांबला. फोटो झाला. मग काकांनी तळ्याच्या राखणदाराला विचारलं, "ये कौनसा है?" तो तेलुगू माणूस. काकांची दखनी पक्की, तेलुगू भाजीवाल्यापुरती. राखणदार काय म्हणाला ते काका परवापरवापर्यंत अभिमानानं सांगत: "लकी पिट्टा, सार!"

लकी पक्षी! आता ह्या मुलखात लकी पक्षी एकच, पालपिट्टा, म्हणजे आपला नीलकंठ. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं, म्हणून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात. शहरात तो दिसत नाही. मग कुणीतरी पिंजऱ्यात घालून आणतो आणि लोक लाजत लाजत त्याचंच दर्शन घेतात. काकांना पिंजऱ्याचा राग. त्यांनी आपला फोटो दोन हात मोठा करून घेतला, चौकट केली आणि नारायणगुड्यातल्या मराठी मंडळाला भेट दिला. खाली पट्टी: 'नीलकंठ. छायाचित्र: अंबाजीराव मुदखेडकर.'

तेव्हापासून दर दसऱ्याला मंडळात त्या फोटोसमोर रांग लागते. काचेवर इतकं हळदीकुंकू चढतं की पक्षी लग्नाहून आल्यासारखा दिसतो. यंदा मंडळानं ठरवलं की दसऱ्याला काकांना 'पक्षिमित्र' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं. काकांनी आरशासमोर शाल सावरायचा सराव सुरू केला. शाल नव्हती म्हणून काकूंची सतरंजी घेतली होती.

दसऱ्याला तीन आठवडे असताना मंडळात मुलांसाठी पक्ष्यांवर भाषण होतं. भाषण देणाऱ्या मेधाबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. भाषण संपल्यावर त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. काका शेजारी, चेहरा असा की आता सही मागतील.

"छान टिपलाय खंड्या," मेधाबाई म्हणाल्या.

"नीलकंठ," काका म्हणाले.

"नाही काका. ही लाल चोच बघा. नीलकंठाची चोच लाल नसते."

"हैदराबादचा आहे. पान खाल्लं असंल."

मेधाबाई हसल्या. मग त्यांना कळलं की हसायचं नव्हतं. "खंड्याच आहे हा," त्या हळूच म्हणाल्या. "तेलुगूत ह्याला लकुमुकि पिट्टा म्हणतात."

"काय पिट्टा?"

"लकुमुकि."

काका मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. ओठ हलत होते: लकुमुकि, लकुमकी, लकमकी, लकी. चार वर्षं पाचशे लोकांनी हात जोडले ते एका मासेखाऊ पाखराला, कारण काकांचा कान दोन अक्षरं गिळून बसला होता.

परतताना गाडीवर मागून आवाज आला. "ए देगलूर. तीन हफ्ते आहेत. खरा टिपू. चौकट तीच ठेवू, आतला बदलू. कुणाला कळतंय?"

मग सुट्ट्यांच्या सगळ्या सकाळी आम्ही रिंगरोडच्या पलीकडच्या शेतांत. पहिल्या आठवड्यात चिमण्या, कावळे आणि पतंग अडकलेली एक तार. दुसऱ्या आठवड्यात विजेच्या तारेवर तो सापडला. काकांनी पुस्तकात चारदा बघून खात्री केली. मी दुर्बिणीतून बघितलं आणि माझ्या तोंडून गेलं, "हा? ह्याला कुणी धुतलं नाही का?"

कारण बसलेला नीलकंठ मातकट असतो. जाडं डोकं, आखूड मान, दुपारी जेवून खुर्चीवर बसलेल्या कारकुनासारखा. तेवढ्यात तो उडाला आणि पंख उघडले. असला निळा रंग मी कुठल्या साडीवरही बघितला नव्हता. काकांचा कॅमेरा कडकडकड वाजला. बासष्ट फोटो निघाले. एकसष्ट फोटोंत खांब, आभाळ, शेपटीचं टोक आणि एकदा माझा कान. बासष्टावा स्पष्ट होता. बसलेला. मातकट.

घरी काकूंनी तो फोटो बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं बाई, चास! नीलकंठाला आमच्याकडं चासच म्हणतेत. आमच्या रानात दसऱ्याला ह्याच्याच मागं पळायचो आम्ही."

"मग चार वर्षं त्या लाल चोचीला कुंकू लावायलीस ते?"

"मला वाटलं, शहरातला असा असल. शहरात सगळंच जरा रंगवलेलं असतंय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नवा फोटो घेऊन मंडळात गेलो. मी स्टुलावर चढून चौकट काढली, आणि नेमके मंडळाचे चिटणीस उदयराव वकील आत आले. उदयरावांच्या घरात तीन पिढ्या वकिली. जेवतानाही ते मुद्दे मांडतात.

"हे कबूतर कशाला आणलं?"

"नीलकंठ आहे," काका म्हणाले. "आधीचा खंड्या निघाला."

उदयरावांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. "अंबाजीराव, मजाक नक्को. उद्या लोक दर्शनाला येणार. ह्या मळक्या पाखरापुढं कोण हात जोडील?"

"पण खरा हाच आहे हो."

"खरा-खोटा कोर्टात. इथं तो चार वर्षं भिंतीवर आहे, कुणाची हरकत नाही. वहिवाटीनं तोच नीलकंठ झाला." त्यांनी खंड्या पुन्हा खिळ्याला अडकवला, वाकडा झाला तो सरळ केला. "उद्या गप गुमान शाल घ्या. ती घ्यायची असेल तर हे कबूतर घरी ठेवा. समजलं?"

"हौ," काका म्हणाले. परतताना गाडीवर मी म्हटलं, "काका, शाल घेऊन टाका. पाखरू काय, तक्रार करायला येत नाही." मागं बसलेल्या काकांनी नवा फोटो बगलेत घट्ट धरला.

दसऱ्याच्या संध्याकाळी हॉल भरला होता. तबकात शाल, नारळ. काका बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले तेव्हाच उदयरावांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. जणू मीच त्यांना बिघडवलं.

उदयरावांनी स्तुतिपर भाषण केलं आणि शालीची घडी मोडली. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माईक धरला. ओठ हलले. पक्ष्यांसमोर कुजबुजायची सवय. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!"

मग काकांनी घरची पट्टी लावली. "भिंतीवरचा नीलकंठ नाही! खंड्या आहे! मासे खातो! मला चुकीचं ऐकू आलं, मी चुकीचं लिहिलं, आणि तुम्ही पाया पडलात!"

हॉलमधल्या सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. निवृत्त शिक्षिका सरोजताई उठल्या. त्या दर वर्षी रांगेत पहिल्या असत. "म्हणजे चार वर्षं आम्ही नमस्कार केला, तो वाया गेला?"

काका म्हणाले, "वाया कसा जाईल ताई? खंड्याला पोचला."

आधी भामाकाकू हसल्या, मग सरोजताई, मग सगळा हॉल. उदयराव उघडी शाल हातात घेऊन धोब्यासारखे उभे. "पण ही आता कुणाला घालू? पक्षिमित्राला पक्षी कळत नाही म्हटल्यावर?"

"ज्यांना कळतो त्यांना," काका म्हणाले आणि तिसऱ्या रांगेतल्या मेधाबाईंकडे बोट केलं. त्या नको नको म्हणेपर्यंत खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. काका टाळ्या वाजवत होते, पण डोळे शालीवरच होते. ती चांगली होती, जांभळी, जरीच्या काठाची.

काकांनी वर्तमानपत्र सोडून नवा फोटो खंड्याशेजारी लावला. दर्शनाला रांग लागली ती दोन फोटोंसमोर. गर्दी अजून खंड्याकडेच. तो दिसायला चांगला, त्याला कोण सोडणार. मातकट पाखरासमोर काकू, सरोजताई आणि चार म्हातारी माणसं. काका स्टुलावर चढले, खंड्याखालची पट्टी सोलून काढली आणि तिथं कोऱ्या कागदावर ठळक लिहिलं: 'खंड्या.' मग दुसऱ्या फोटोखाली कागद धरला, 'नीलक' एवढं लिहिलं आणि हात थांबला.

"मेधाबाई," ते स्टुलावरून म्हणाले, "जरा इकडं या. एकदा बघून घ्या. नक्की ना?"