दोन डोळे आणि हिरवी रेघ

डोळ्यावरची पट्टी निघाली तसं म्हाताऱ्यानं समोर पाहिलं आणि वैतागून विचारलं, "ही भिंत निळी कधी रंगवली?"

"पहिल्यापासून निळीच आहे, बाबा." मुलगी डोळ्यांची डॉक्टर, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तिनंच केलं होतं. "मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा रंग अडवतं. इतकं सावकाश की कळतसुद्धा नाही."

तिला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांचा चेहराच पडला.

म्हाताऱ्याची सगळी नोकरी वेधशाळेत एका ताऱ्यामागे गेली होती. उतारवयात त्या ताऱ्यानं आपला बाहेरचा वायू उधळून दिला होता आणि त्याचा ग्रहीय तेजोमेघ झाला होता. मध्ये उघडा पडलेला गाभा आकसत चालला होता. असा गाभा शेवटी निवतो, पण त्याआधी चांगलाच तापतो. आपला तारा आपल्या डोळ्यांदेखत तापतोय, असा म्हाताऱ्याचा दावा होता. गाभा तापला की लोलकानं फाकवलेल्या वायूच्या प्रकाशातली हिरवी रेघ निळीपेक्षा ठळक होत जाते. दुर्बिणीला उजवा डोळा लावून, एका टोकाकडे गडद होत जाणारी करड्या काचेची पट्टी सरकवत तो हिरवी रेघ निळीइतकी मंद करायचा. वर्षागणिक पट्टी जास्त सरकवावी लागायची.

मग हिरवी वाढत होती, की निळीच त्याला कमी दिसत होती?

त्यानं घरात कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. खुर्ची खिडकीशी न्यायची, परत आणायची. निळी बशी आधी या डोळ्यानं बघायची, मग त्या.

"सोमवारी उजवा डोळा करायचाय," मुलगी म्हणाली. "तोवर एका जागी बसा."

"उजवा नाही करायचा."

"का? एकावरच भागवणार?"

"डॉक्टरीणबाई, मापं त्यानं घेतलीत. तोच बदललास, तर ताडून कशाशी बघू?"

अखेर तिनंच गाडी काढली. अंधार पडता पडता दोघं वेधशाळेतल्या दुर्बिणीपाशी पोचले. पट्टीच्या चौकटीवर खिळ्यानं ओढलेल्या दोन खुणा होत्या, एक पहिल्या वर्षीची, एक शेवटच्या.

"पट्टी तू बघ. मध्येच बोलू नकोस, नाहीतर माझा हात खुणेकडेच जाईल."

उजव्या डोळ्यानं माप घेऊन झालं. मग त्यानं डावा लावला. पट्टी पुढेमागे होत राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हं, सांग."

"उजव्यानं शेवटच्या खुणेच्याही थोडी पुढे गेली."

"आणि डाव्यानं?"

"मागे आली. पण पहिल्या खुणेपर्यंत नाही. साधारण मधोमध थांबली."

म्हाताऱ्यानं दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "निम्मी वाढ माझ्या मोतीबिंदूची."

"आणि उरलेली?"

"त्याची. तापतोय तो. मी सांगत सुटलो होतो तेवढा नाही, पण तापतोय."

"झालं ना समाधान? आता सोमवारी येणार?"

त्यानं पट्टी मूळ जागी आणली आणि उजवा डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला.

"सोमवारपर्यंत आभाळ असंच निरभ्र राहील का गं? त्याआधी या डोळ्यानं आणखी मापं घेऊन ठेवतो."