कोऱ्या बाहुलीचं नाव: मोहने ते वागळे इस्टेट

गेल्या वर्षी सहायक अभिनेत्रीचं मोठं बक्षीस कुणाला मिळालं, सांगा पाहू. नाही ना आठवत? चार तास टीव्हीसमोर बसलात, टाळ्या वाजवल्यात, गॅसवरचं दूध उतू घालवलंत, आणि नाव विसरलात. असू दे. मी एकीला विसरलेले नाही, कारण ती माझी धाकटी बहीण आहे. (मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात रेवा टाइप करते. चुका तिच्या.)

आमच्या कोलशेतच्या मिठागरात सिनेमाचं शूटिंग आलेलं. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन न अडखळता चालणारी मुलगी हवी होती. माझी ही बहीण हिरा चालली, आणि कॅमेऱ्यासमोर बोललीही. बक्षीस मिळालं तोवर तिचं लग्न होऊन ती मोहन्याला गेलेली, आणि लग्नात सासरच्यांनी नाव बदलून वनिता ठेवलेलं. स्टेजवर बक्षीस म्हणून जी धातूची बाहुली देतात ती कोरी असते. निकाल गुप्त ना! नावाची पट्टी मागाहून जाऊन बसवून घ्यायची. सासरे म्हणाले, "आमच्या घरात हिरा कोण?" ती गेलीच नाही. पुढे कामही आलं नाही. बक्षीस मिळालं की बाई महाग झाली, असं सिनेमावाल्यांना वाटतं म्हणे.

चाळीसेक वर्षं झाली. हल्ली हिरा माणसं विसरायला लागलीये, आणि तिला हिरा म्हणणारी मी एकटीच उरलेय. म्हटलं, आता पट्टी बसवायचीच.

सकाळी सातला रेवाच्या गाडीतून निघालो. भिवंडीकडून जा, पण लवकर. नऊनंतर निघालात तर गाड्यांच्या गर्दीत दुर्गाडीच्या पुलाअलीकडेच जेवाल. शहाडचा पूल ओलांडला की मोहने. हिरा दारातच बसलेली, बाहुली जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर.

"मना कशाला नेतेस गो? म्हातारपणी मिरवू काय?"

"मिरव. लाज वाटली तर माझ्या मागे लप, मी रुंद आहे."

येताना शीळ रस्ता धरला. मेट्रोसाठी खणलाय, कमरेला पट्टा बांधून बसा. डोंबिवलीत इडली खाल्ली, तिघींचे दोनशे. चटणी पुन्हा मागा, कुरकुर न करता देतात.

वागळे इस्टेटमध्ये गाडी लांब लावून चालावं लागतं. बक्षिसं ओतणाऱ्या मोऱ्यांच्या कारखान्यात फळीवर नुसत्या बाहुल्या, निम्म्यांना अजून डोकी बसायची होती.

"आजी, पूर्वी वर्षाला दोन-तीन समारंभ असायचे," मोरे म्हणाले. "आता प्रत्येक चॅनेलचा वेगळा. लोकप्रिय चेहरा, स्टायलिश चेहरा, सगळ्यांना काहीतरी."

"म्हणजे रिकाम्या हाताने घरी जाणारा तूच एकटा?"

तो हसला. हिराची बाहुली हातात घेतली तेव्हा मात्र दोन्ही हातांनी तोलून पाहिली. "अशी भरीव आता कुणी ओतत नाही. नाव काय घालू?"

माझ्या ओठांवर आलेलं. रेवानं हात दाबला. हिरा फळीवरच्या बाहुल्या बघत राहिली. आधारवर वनिता, रेशनकार्डावर वनिता, नातवंडांची वनिताआजी. मला वाटलं, गेलं, हेही विसरली.

"काम हिरानं केलं," ती म्हणाली. "वनितानं नुसती धूळ पुसली. हिराचं घाल. आडनाव नको, दोन्हीकडचे भांडतील."

पट्टी बसली तेव्हा अजून कोमट होती. हिरानं माझं बोट धरून दोन्ही अक्षरांवरून फिरवलं. मग पुन्हा एकदा, हळू.

तिला पोचवून घरी आले, पाय सुजले, पण बोटाला ती अक्षरं अजून लागतायत. उद्या ती मला विसरेलही. विसरू दे, स्वतःला तरी वाचेल.

तुमच्यापैकी कुणी भेटायला जाणार असेल तर हिरा म्हणूनच हाक मारा. आणि पेढे नेऊ नका. त्या वर्षी सासरी आलेले पेढे पाहुण्यांनीच संपवले, ही चहा देत राहिली, आणि आता तिला साखर झालीये. सुका जवळा पाठवा, बारीक, नीट निवडलेला. दात उरले नाहीत तिचे.