दीड फुटाची भिंत

मंडळाच्या दिवाळी अंकात मी लिहावं हे माझं मलाच पटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दहावीपर्यंत जळगावात शिकलो, मग वडिलांना ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. माझं मराठी त्या दहावीपाशीच थांबलंय. शिवाय नकाशेकाकांना माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं हा अंक वाचतात. त्यांच्यापैकी कुणी लिहायला हवं होतं. तरीही लिहायला बसलो आहे, कारण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. काही चुकलं तर माफ करा.

नकाशेकाका कधीही न पाहिलेल्या एका शहरात कधीच रस्ता चुकत नसत. ते शहर म्हणजे चिलीतलं वालपराइसो. वॉटर्लूला शिकताना आम्ही चौघं मुलं त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. शनिवारी सकाळी काकू वर चहाला बोलवायच्या, आणि पोहे संपायच्या आत आम्ही वालपराइसोच्या बंदरावर पोचलेले असायचो. "पहिल्या दिवशी काही बघायचं नाही," काका सांगायचे. "धक्क्यावरून लाकडी होडीत बसायचं आणि शहराकडे तोंड करायचं. शहर आधी लांबून बघावं, मग आत शिरावं." पुढे बाजार लागायचा. तिथे वरच्या मजल्यावर मासे खायचे. आमच्यातल्या एका शाकाहारी मुलाला ते म्हणायचे, "तू पाव आणि टोमॅटो खा. उगाच चौकशा करून त्यांचा वेळ घेऊ नकोस."

काकू आतून ओरडायच्या, "यांना फ्रीजमधलं दही सापडत नाही, आणि चिलीतल्या गल्ल्या सापडतात!"

"गल्ल्या जागच्या हलत नाहीत. दही तू रोज हलवतेस," काका म्हणायचे.

त्यांचे नियम ठरलेले होते. सकाळी धुकं असतं, म्हणून बाराच्या आधी टेकडीवर जायचं नाही. तिथल्या विजेच्या बस साधारण काकांच्याच वयाच्या. त्यांत एकदा तरी बसायचं, आणि तेही खिडकीशी. टेकड्यांवर रुळांवरून चढणाऱ्या लाकडी खोल्या आहेत, त्यांना ते लिफ्ट म्हणत. "लिफ्टने वर जायचं, पायऱ्यांनी उतरायचं. दोन्ही वेळा लिफ्टने गेला तो लिफ्ट बघून आला, शहर नाही." आणि बंदराजवळ कॅमेरा गळ्यात घालायचा नाही, चोर असतात. हा नियम ते दोनदा सांगत.

हे सगळं कुठून आलं, ते पहिल्या हिवाळ्यात कळलं. काका आणि मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. काका कॅनडात आले तेव्हा हॅमिल्टनच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्या कंपनीला वालपराइसोच्या एका टेकडीवर लिफ्टच्या वरच्या टोकाशी भिंत बांधायचं काम मिळालं. त्या भिंतीचे नकाशे काकांनी काढले. साइटवर त्यांनाही पाठवायचं ठरलं होतं, पण आयत्या वेळी दुसराच गेला. "साहेबांनी भिंत अडीच फूट सांगितली होती," बर्फात फावडं रोवून ते म्हणाले. "मी भांडून दीड केली. म्हटलं, लोक जिने चढून दमून येणार. आपल्या उंचीच्या माणसालासुद्धा टेकता आलं पाहिजे. पूर्ण नोकरीत माझ्या मनाने झालेली एवढी एकच गोष्ट बघ."

निवृत्त झाल्यावर जायचं, असं ठरलं होतं. पण तोवर काकूंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा काका त्यांना गाडीने हॉस्पिटलला न्यायचे आणि शेजारच्या खुर्चीत वालपराइसोचं पुस्तक घेऊन बसायचे. लायब्ररीतलं ते पुस्तक इतक्यांदा रिन्यू झालं होतं, की तिथल्या बाई तारखेचा शिक्का मारताना विचारायच्याही नाहीत.

दुसऱ्या वर्षी मला चार महिन्यांचं को-ऑपचं, म्हणजे शिक्षणाचाच भाग असलेलं, काम मिळालं, तेही सँटियागोला, एका खाणीच्या सॉफ्टवेअरवर. काकांना सांगितलं तर ते उभेच राहिले. सँटियागोहून वालपराइसो बसने दोन तासांवर. निघताना काकूंनी हातावर दही ठेवलं आणि काकांनी एक कागद. त्यावर धक्क्यापासून भिंतीपर्यंतचा रस्ता बारीक पेन्सिलीने काढला होता. "बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल," ते म्हणाले. "ती उभी आहे का, एवढं बघ. आणि बसून बघ."

मी गेलो नाही. हे लिहायला मला तीन वर्षं लागली. शनिवारी काम असायचं, नसलं तरी मी ऑफिसात जायचो. काम गेलं तर घरी काय सांगू, ही एकच भीती होती. भाषा येत नव्हती, एकट्याने बस पकडायला मी घाबरायचो, हेही खरं. शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या लोकांबरोबर वालपराइसोला जेवायला गेलो. होड्या बघितल्या, बाजार बघितला. टेकडीकडे बोट करून मी विचारलं, वर जाऊ या का? कुणीतरी घड्याळ दाखवलं. कागद खिशात होता. मी गाडीत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी काकांची ईमेल आली. एकच ओळ होती: "उभी आहे का?" मी लिहिलं, "हो काका, उभी आहे. लोक बसलेले असतात."

परत आलो त्या दिवशी त्यांनी मला बूटही काढू दिले नाहीत. "बसलास का?"

"बसलो."

"पाय टेकतात जमिनीला?"

"टेकतात."

"बघ!" ते काकूंकडे वळून म्हणाले. "दीडच बांधली त्यांनी!" मग त्यांनी फोटो मागितला. मी म्हणालो, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तिथे कॅमेरा काढायचा नाही." ते खूश होऊन हसले. सांगितलेलं ऐकतो मुलगा, असं काहीतरी म्हणाले. त्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी पुरण घातलं होतं. मी तीन पोळ्या खाल्ल्या. खोटं बोलल्यावर घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. माझ्या उतरले.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. घर विकून काका स्कारबरोला मेधाताईंकडे, म्हणजे मुलीकडे, राहायला गेले. वर्षभर त्यांच्या तोंडून वालपराइसो आलं नाही, असं मेधाताई सांगायच्या. मग एक दिवस मला फोन आला. "तिकीट काढलं रे. एकटाच चाललोय. तू बसलास तिथे आता मी बसणार. मेधा नको म्हणते, मी तिला सांगितलं, पोरगं जाऊन आलंय, मला काय होणार आहे!"

मी लायब्ररीच्या बाहेर उभा होतो. म्हणालो, "काका, एक सांगायचं होतं."

"आल्यावर सांग. निवांत बसू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी परत लावू शकलो असतो. ते निघायला अकरा दिवस होते, आणि त्यांतला एकही दिवस असा नव्हता की मी फोन हातात घेतला नाही.

ते परत आले तेव्हा माझ्या फोनवर निरोप होता. आवाज बसलेला होता. "तुला एक विचारायचंय, वेळ झाला की फोन कर." मला वाटलं, त्यांना कळलं. परीक्षा आहेत, असं स्वतःला सांगत मी चार आठवडे काढले.

मग मेधाताईंचा फोन आला. चिलीहून आल्यापासून काकांच्या छातीत कफ होता, त्याचा न्यूमोनिया झाला, आणि मंगळवारी ते गेले. त्या मलाच धीर देत बोलत राहिल्या.

बाबांनी सांगितलेल्या टेकडीवर भिंत नव्हतीच, त्या म्हणाल्या. लिफ्ट कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हाच भिंतही पाडली. समोरच्या दुकानदाराने हातवारे करून समजावलं होतं. बाबांनी ते मानलं नाही. त्यांना वाटलं, आपलीच टेकडी चुकली. नऊ दिवस ते रोज टेकड्या चढत होते. धुकं असलं तरी सकाळीच निघायचे, दिवसात दोन टेकड्या व्हाव्यात म्हणून. हॉस्पिटलमध्ये मास्क बाजूला करून ते विचारत, त्याचा फोन आला का?

"तू कुठल्या टेकडीवर बसला होतास, एवढंच विचारायचं होतं रे त्यांना," मेधाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाबा, नसेलच ती भिंत. तर माझ्यावर चिडले. म्हणाले, पोरगं बसून आलंय तिथे, म्हणजे आहे. मलाच नीट शोधता आलं नाही."