मामांच्या सांबारातलं जग

साऱ्या जगाची अर्थव्यवस्था समजलेला एकच माणूस आज हयात आहे, आणि तो तंजावुरात बसून सांबार-भात जेवतो. ते माझे मामा, मी त्यांच्याच घरी वाढले. सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. त्यांच्या पानात नुसतं अन्न कधी पडतच नाही, देश पडतात. तूरडाळ मोझांबिकची, तेल इंडोनेशियाचं, हिंग अफगाणिस्तानचा. आणि ही सगळी मंडळी एका पातेल्यात कशी नांदतात ते ऐकेपर्यंत रसम गार होतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याज वाढवलं की मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून जाहीर करतात, "आतां डॉलर चढेल, रुपया पडेल, तेल महागेल. अप्पळम, पापड कांहीं तळूं नका, भाजा!" मामी म्हणते, "अय्यो, त्या बँकेला माझी कढई दिसते कीं काय!" एकदा टाउन बसमध्ये त्यांनी कंडक्टरला डिझेल आणि आखाताचं नातं असं रंगवून सांगितलं, की तो शिट्टी वाजवायचाच विसरला आणि बस थांबा सोडून पुढे गेली.

माझं एक स्थळ तर मामांनी आयातकर समजावता समजावता घालवलं. त्यामुळे जवळच्या पापनाशम गावची मंडळी मला बघायला येणार त्या सकाळी मामीनं बजावलं, "आज तोंडांतून एक देश काढलात तर पाहा!" मुलगा सिंगापूरच्या बंदरात नोकरीला होता, रजेवर आला होता. फोनवर बोलून तो मला मनापासून आवडला होता, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

मुलाच्या वडिलांनी सांबारात वडा बुडवला आणि मान डोलावली. "वा! अस्सल तंजावूर. सगळें इथलेंच, बाहेरचें कांहीं नाहीं!"

मामा लालबुंद झाले. मामीकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं मान खाली घालून वडा चिवडत बसले. असे गप्प मामा मी जन्मात पाहिले नव्हते. मला ते बघवेना.

"इथलें म्हणजे पाणी आणि कढीपत्ता," मीच बोलून गेले. "डाळ मोझांबिकची, तेल इंडोनेशियाचें, हिंग अफगाणिस्तानचा."

मामीनं कपाळावर हात मारला. संपलं, गेलं हेही स्थळ, असं मला वाटलं.

"मग हिंग इथवर येतो कसा?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मामा ताडकन उठले. हिंग तंजावुरात पोचेपर्यंत पापनाशमच्या कितीतरी बसेस निघून गेल्या. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. तिथंच लग्न ठरलं.

लग्नानंतर मी सिंगापूरला निघाले त्या दिवशी सगळे वाट बघत होते, की मामा आता सिंगापूरच्या बंदरावर तासभर तरी बोलणार. त्यांनी बंदराचं नावही काढलं नाही. मी गाडीत बसताना त्यांनी फक्त माझा हात धरला. "बाहेर गेलेला माल परत येत नाहीं. व्यापार तसाच चालतो," ते म्हणाले. "तूं मात्र येत जा गे." मी हो म्हटलं, आणि इतकी रडले की शेवटी मामांनाच माझी समजूत काढावी लागली.